पाण्याची टाकी, बाभळ, शाळा

शिकलगार सरांनी मैदानावर फक्कीनं रिंगण आखलं,
मधोमध रत्नप्रभा हसबेला उभं केलं. म्हणाले, ही पृथ्वी.
ती हसायला लागली.
पृथ्वीनं हसायचं नाही, सर म्हणाले,
मग माझ्याकडं बघून : तू चंद्र.
तोंड हिच्याकडंच ठेवायचं. काही झालं तरी.

मी निघाले, खेकड्यासारखी आडवी आडवी,
चपला हातात,
रत्नप्रभाच्या नाकावरची नजर न हलवता.
फेरी पुरी झाली.

स्वतःभोवती फिरलीस का गं?
नाही सर.
नक्की?
नाही फिरले. हिच्याकडंच तर बघत होते.

मग निघालीस तेव्हा हिच्या डोक्यामागं काय होतं?
पाण्याची टाकी.
नंतर?
बाभळ. मग रेवणसिद्धाचा डोंगर. मग शाळा.
आणि पुन्हा टाकी.
चारी दिशा बघून आलीस, सर म्हणाले,
आणि म्हणतेस फिरले नाही.

सातवीचा अख्खा वर्ग हसला.
मला घेरी आली. चालताना नव्हती आली,
ती तेव्हा आली.

त्या वर्षी आण्णा इरोडला होते.
आमच्या विट्याकडचे निम्मे बाप असेच,
कुठल्यातरी लांबच्या सराफ गल्लीत
भट्टी पेटवून लोकांचं सोनं गाळणारे.
यायचे चैत्रात जत्रेला, आणि दिवाळीत :
कडक इस्त्रीचा शर्ट, केळ्याचे वेफर्स,
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं.
आण्णांचा एवढाच भाग आम्हाला ठाऊक.

पलीकडची बाजू काळोखी असते का, मी विचारलं होतं.
छे, सर म्हणाले, तिथंही ऊन पडतं की.
आपल्याला दिसत नाही, एवढंच.
मग रात्री अंथरुणात
मी तिथलं ऊन बघायचा प्रयत्न करायची.
त्या उन्हात कुणीतरी आण्णांना हाक मारायचं,
आण्णा वळायचे,
आणि वळले की मला नेमका चेहरा सुचायचा नाही.

सत्तावीस दिवसांत चंद्र फिरून त्याच नक्षत्रात येतो,
पण पुनवेपासून पुनवेला आणखी दोन दिवस जास्त लागतात,
कारण तोवर पृथ्वीच जागची हललेली असते.
हे फळ्यावर कळलं नाही. घरी कळलं.
आण्णा त्याच उंबऱ्यात परत यायचे
आणि धाकटा किंचाळून आईच्या पदराआड जायचा.
दोन दिवस लागायचे.
तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या मांडीवर बसून
घड्याळाचा पट्टा चावायचा,
आणि आई खाली मान घालून
परतीच्या गाडीचे डबे भरायची.

एकदा मात्र, विट्याच्या स्टँडवर.
आम्ही निरोप घेऊन निघालो होतो, माझी टोपी राहिली म्हणून
मी पळत मागं गेले.
आण्णा चहाच्या गाड्यावर सुटे पैसे मोजत होते,
पुटपुटत : ओण्णु, रेण्डु, मूणु...
मी तिथंच थांबले.
टोपी न घेता परत आले. आईला सांगितलं, सापडली नाही.

चंद्र किंचित मान हलवतो म्हणे, इकडं तिकडं,
म्हणून शंभरातले पन्नास नाही, एकोणसाठ भाग दिसतात.
हे मी फार उशिरा वाचलं. वाचल्यावर
गाड्यावरच्या रॉकेलचा वास आला.

आता आण्णा कायमचे घरी आहेत, पंच्याहत्तरीचे.
संध्याकाळी ओट्यावर बसतात, टाकीच्या बाजूनं चंद्र येतो.
काल मी सांगितलं, आण्णा,
हा दरवर्षी दोन बोटं लांब जातोय आपल्यापासून.
त्यांनी आपली दोन बोटं जुळवून डोळ्यांसमोर धरली,
नखं अजून पिवळी.
वर्षाला एवढी तूट?
थोडा वेळ मनात कसलातरी हिशोब केला.
चालतंय, म्हणाले.
एवढी धरावीच लागती.